शेड

हिप्परग्याच्या बांधावर, बाभळीत,
एक मातकट जीव
पानामागे जातो, चट् म्हणतो, दिसत नाही.
राजय्या चिप्पा दुर्बीण खाली करत नाहीत.
"पायमोज," मी म्हणते.
"घाई नको, बाई."

एकतीस वर्षं रंगखान्यात
चादरीच्या सुताला शेड लावणारा माणूस.
लच्छी खिडकीशी नेऊन बघायचा,
ट्यूबलाइटखाली कधीच नाही.
बदामी आणि खाकी यांच्या मधे
त्याच्याकडे सात नावं होती, चार तेलुगूत.

पुस्तकात दोघे शेजारी शेजारी बसलेत:
पायमोज वटवट्या आणि साइक्सचा वटवट्या.
एक किंचित उबदार तपकिरी, शेपटी आखूडशी,
खालच्या चोचीच्या टोकाला
शाईचं बोट लागल्यासारखं.
दुसरा राखेकडे झुकलेला, चोच जरा लांब.
किंचित. जरा. आखूडशी.
असल्या शब्दांवर अख्खी एक जात उभी!

गाण्यावरून लगेच ओळखू आले असते.
पण गाणं ते तिकडेच ठेवून येतात,
घरटी करतात तिथे.
इथे पोटापुरतं बोलतात,
दोघेही एकच, चट्.
राजय्या घरी तेलुगूत फार भांडतात म्हणे.
मी कधी ऐकलेलं नाही.

दिवाळीनंतर उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
आता ते आधी डावा मिटतात:
"साइक्स."
मग उजवा मिटतात:
"पायमोज."
फांदी तीच, पक्षी तोच, ऊनही तेच.
"नवं भिंग निळसर दाखवतं," ते म्हणतात,
"जुना डोळा चहात बुडवलेला.
शेवटची चार-पाच वर्षं
मी कसल्या शेडला पास म्हणालो असेन, सांगा."

मी काय सांगणार.
मी चोच बघायला जाते
आणि चोच नेमकी शेंगेआड.

दुसऱ्या डोळ्याची तारीख गड्ड्यानंतरची होती.
ती त्यांनी ढकलली, पार होळीपलीकडे,
हे दोघे परत जाईपर्यंत.
सुनेला सांगितलं, साखर वाढलीय.

वहीत माझी नोंद: दोहोंपैकी एक.
त्यांनी खाली तेलुगूत काहीतरी लिहिलं.
मला ती लिपी येत नाही.
गोल गोल अक्षरं, दोन ओळी.
मला दोन्ही सारख्याच दिसल्या.