चाळीस सेंटिमीटर

पहिल्या भेटीत मी रंगांचं पुस्तक उघडत नाही.
आधी प्रश्न.
सकाळी आधी कोण उठतं. कॉफी कोण ठेवतं.
भांडी घासणारा हात डावा की उजवा.
भांडण झालं की कोण कुठल्या खोलीत जातं
(हा कागदावर छापलेला नाही,
कपाटं मोजता मोजता हळूच विचारते).
रात्री कोणी उठतं का?

"कोणी नाही," ओंदिना म्हणाली.
"कोणी नाही," लिव्हिओ म्हणाला, जरा उशिरा.
मी लिहिलं : कोणी नाही.

त्रिएस्तेच्या या अंगाचे जिने असे
की चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत
गिऱ्हाइकाचं सगळंच पटायला लागतं.
ओंदिनाचं म्हणणं स्वच्छ होतं :
स्वयंपाकघर आणि लहान खोलीमधली भिंत पाडा,
ओव्हन कंबरेच्या उंचीला घ्या, वाकणं पुरे झालं,
हिरवट फरशी नको, मावशी तसल्याच फरशीवर घसरली होती,
आणि कोपऱ्यातली ती खिडकी बुजवा.
बोरा वारा सुटला की तिथूनच शिट्टी वाजते,
आणि दिसतं काय? समोरच्यांची गच्ची, एक धुराडं,
मधे बोटभर बंदर.

चाळीस सेंटिमीटर रुंद. मी मोजली.
नकाशात तिच्यावर तुटक रेघ मारली.
आमच्या धंद्यात तुटक रेघ म्हणजे
हे आता नाही.

मग पैशांचं निघालं. ओंदिना
नळाच्या तोटीपासून बिजागरीपर्यंत घासाघीस करत होती,
चोवीस वर्षं मासळीबाजारात हिशेब लिहिलेली बाई,
माझी टक्केवारी तिनं माझ्याआधी काढली.
फोन वाजला, ती आत गेली.

लिव्हिओ खिडकीपाशी.
चौकटीला पांढरा रंग, तीनदा तरी दिलेला,
फक्त दोन जागी उडालेला,
खालचं लाकूड गुळगुळीत.
मी काही विचारलं नाही. त्यानं दोन्ही कोपरं
त्या दोन जागी टेकवून दाखवली.

"क्रेनवर आम्ही दोघं आळीपाळीनं असायचो,
तीनला माझी बारी. एकतीस वर्षं.
आता बारी नाही, पण जाग येते.
सात नंबरचा लाल दिवा इथून दिसतो.
कोणीतरी वर चढलंय एवढं कळलं
की मग झोप लागते.
हिला सांगू नका, डॉक्टरकडे नेईल."

मी कामात खोटं कमी बोलते.
बांधकामात ते महाग पडतं, ओल बाहेर येतेच.
ओंदिना परत आल्यावर म्हटलं,
ही खिडकी बुजवता येणार नाही,
भिंतीत जुना पाइप आहे, शिशाचा,
हात लावला तर खालच्या मजल्यापर्यंत तोडफोड.
कपाट चाळीसनं कमी करावं लागेल.
पाइप नव्हताच.

तिनं माझ्याकडे पाहिलं,
कालचा मासा आजचा म्हणून विकणाऱ्याकडे पाहावं तसं.
मग नकाशा स्वतःकडे ओढला.
"फरशीखालची गरम तार कुठवर आणलीत?"
"टेबलापर्यंत."
पेन्सिल तिनं माझ्या हातातूनच घेतली
आणि टेबलाच्या पुढे, वळसा घेत,
त्या कोपऱ्यापर्यंत एक वेडीवाकडी रेघ नेली.
"अनवाणी असतो," म्हणाली. कोण, ते नाही.
लिव्हिओ नळांचा कॅटलॉग वाचत होता,
फारच लक्ष देऊन.

एकशे नव्वद युरो वाढले.
त्यावर घासाघीस झाली नाही.

मार्चमध्ये नेरेओ, आमचा ठेकेदार,
नकाशा पायाशी पसरून उकिडवा बसला.
भिंत पडली होती. घरात पहिल्यांदाच
दोन्हीकडून उजेड, धुळीसकट.
"ही तार इकडे कशाला वळवलीय?
ना कपाट, ना खुर्ची. कोण उभं राहतं इथे?"

मी पिशवीतून प्रश्नांचा कागद काढला, पाहिला.
"कोणी नाही," म्हटलं.
"पण तार तिथवर ने."