अखत्यारीत

शहर, कारण इथे कॅथीड्रल आहे.
नाहीतर एक टेकडी, दोन बेकऱ्या, एक बंद पडलेली बँक,
आणि दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, संध्याकाळी सात वाजता,
गिल्डहॉलच्या वरच्या मजल्यावर आम्ही.

मेयर धरून बारा नगरसेवक.
चांदीचा एक राजदंड, ज्याच्या विम्याचा हप्ता
बागेतल्या झोपाळ्यांच्या दुरुस्तीहून जास्त.
कोपऱ्यात मी, उपसचिव. इतिवृत्त लिहिते.
कोण ओरडलं ते लिहायचं नसतं.
काय ठरलं तेवढंच.

आमचं काय काय आहे, मला तोंडपाठ आहे:
बाकं एकशे चार. दफनभूमी, जुनी आणि नवी.
भाजीचे वाफे, ज्यांच्यासाठी अकरा वर्षं थांबावं लागतं.
चार मिनिटं मागे चालणारं घड्याळ.
नदीकाठची शौचालयं. नाताळची रोषणाई.
रस्ता आमचा नाही, तो काउंटीचा.
कचराही काउंटीचा. डबा मात्र आमचा,
तोही बागेच्या आत असेल तरच.

माझे वडील संगमनेरच्या जकात नाक्यावर कारकून होते.
म्हणायचे, हद्द म्हणजे काय गं,
आपण पावती फाडतो ती जागा.

ऑक्टोबरात बर्निस थ्रोअर आली.
नागरिकांच्या प्रश्नाला तीन मिनिटं असतात. तिने चाळीस सेकंद घेतले.
वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. पहाटे सहाला कूपर्स लेनमधून घरी येते.
दिवा गेलाय. पायऱ्या दिसत नाहीत.
मेयर म्हणाले, दिवा आमच्या अखत्यारीत येत नाही. कळवतो.
कळवलं. पत्राला क्रमांक मिळाला.
नोव्हेंबरात ती आली, तो क्रमांक वाचून दाखवला, गेली.
डिसेंबरात आली ती मनगटाला प्लास्टर घालून.
काहीच बोलली नाही.
तीन मिनिटं पूर्ण वापरली.

जानेवारी. बाब क्रमांक अकरा: रोषणाई उतरवण्याचा खर्च.
शफीक मियाँ, खालच्या चौकात ज्यांचं रेस्टॉरंट आहे,
हात वर करून म्हणाले, उपसूचना.
कूपर्स लेनमधली माळ उतरवू नये.
काउंटीचा दिवा लागेपर्यंत
त्या गल्लीत नाताळ चालू आहे असं समजावं.

कोणीतरी हसलं. (लिहिलं नाही.)
ऑड्री टॉल्फ्रींनी चष्मा काढला:
असं समजता येतं का?
सगळे माझ्याकडे वळले.
मी नियमांचं पुस्तक चाळलं, मागून पुढे, पुढून मागे.
नाताळ कधी संपतो ते त्यात कुठेच नव्हतं.
वीज? शौचालयातून. म्हणजे आपलीच.
भिंतीतले हूक? एक बेकरीचा, एक चॅपलचा. दोघांची हरकत नाही.

सूचक मियाँ.
अनुमोदक, आणि इथे माझं पेन थांबलं, टॉल्फ्री.
बाजूने सहा. विरोधात सहा.

मेयर डेन्झिल कॉर्बेट पोटासाठी गाडी चालवायला शिकवतात,
घाईचं त्यांना वावडं.
विरोधातल्या सहांत एक हात त्यांचाच होता.
समसमान झालं की नियम म्हणतो, तुम्ही पुन्हा एकदा.
ते गळ्यातली साखळी नीट करत बसले. नीटच होती.
खिडकीबाहेर घड्याळ आपल्या चुकीच्या वेळेला वाजलं.
मग म्हणाले, बाजूने.
एकाच माणसाची दोन मतं, उलटसुलट.
मी दोन्ही लिहिली.

आज मार्चची सहा तारीख.
काउंटीचं पत्र आलं आहे: पाहणी प्रस्तावित.
पहाटे मी मुद्दाम त्या गल्लीतून आले.
पायरीवर लाल, पायरीवर हिरवं, पुन्हा लाल,
आणि मध्येच एक काळी पायरी.
बल्ब गेलाय.

तो आमचा.
पुढच्या सोमवारी, बाब क्रमांक चार.