फक्त म्हणजे पण

जेवण झालं की इथे हात वर करून म्हणतात, हेसाप.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाठ ताठ झाली माझी.
सव्वीस वर्षं लोकांचे हिशोब तपासून आलेली बाई मी,
आणि इथे कोणी हसत हसत तो स्वतःहून मागतंय,
वर तळहातावर लिंबाच्या वासाचं कोलोन घेतंय.

मग सापडतच गेले.
साबण साबूनच. मोसम मेव्सिम.
मैदानाला मेयदान म्हणतात आणि मध्ये बस उभ्या करतात.
पाझार म्हणजे बाजार, पाझार म्हणजे रविवार,
आणि आमच्या भागातला मोठा बाजार भरतो मंगळवारी,
तिथे अंजीरवाला मला चाखायला इतकी अंजिरं देतो
की विकत घ्यायला भूक उरत नाही.
तारीह म्हणजे तारीख, आणि तारीह म्हणजे इतिहासही.
दातांच्या दवाखान्यात फॉर्म भरताना
त्या शब्दापुढे मी जरा थांबते.
एवढ्याशा रेघेवर काय काय लिहू, बाई.

सकाळी कादीकॉयहून बोट.
वरच्या डेकवर, कठड्याशी, वाऱ्याच्या बाजूला
(सगळे आत बसतात, म्हणून ती जागा माझी)
कमरेत बारीक असलेल्या पेल्यात चहा.
तो गार व्हायच्या आत खंड बदलतो.
रोज आशिया सोडते मी, रोज संध्याकाळी परत येते,
कोणी पासपोर्ट विचारत नाही,
समुद्रपक्षी तेवढे सिमितचा तुकडा मागतात.

बँकेत तीन खुर्च्या. मधलीवर मांजर झोपलेलं.
टोकन घेऊन आम्ही सात जण उभे.
मॅनेजरही उभा.

चहावाल्या रिफ्कीला एकदा सवयीनं म्हणाले,
फक्त चाय.
त्याच्या भाषेत फकात म्हणजे पण.
तो किटली धरून थांबला,
पण चहा... काय? पण चहा कसा?
भुवया वर, मान जरा पुढे,
माझं वाक्य पुरं व्हायची इतकी सभ्य वाट
आजवर कोणीच पाहिली नव्हती.
शेवटी त्यानं स्वतःच ठरवलं
आणि साखरेचा एक खडा जास्त ठेवला.

चौथ्या मजल्यावर नेर्मिन हानम, गुडघ्यांनी बेजार.
खिडकीतून दोरीनं टोपली सोडतात,
खाली दुकानदार पाव ठेवतो, पेपर ठेवतो, टोपली वर.
फेब्रुवारीतल्या एका वाऱ्यात
ती माझ्या गजाला येऊन अडकली.
दोन पाव, अजमोद्याची जुडी.
सोडवताना काय सुचलं कोण जाणे,
वाटीभर शेंगदाण्याची चटणी ठेवून दिली.
टोपली वर गेली. शांतता.
मग खोकला. मग पाण्याचा नळ.
मग बराच वेळ हसू.

दुसऱ्या दिवशी वारा नव्हता, तरी टोपली थांबली.
घासलेली वाटी, तीत बिहीचा मुरंबा.
रिकामं भांडं परत द्यायचं नसतं
हे त्यांना कोणी सांगितलं असेल?
वरून ओरडल्या, एलिने साऽलक!
तुझ्या हातांना आरोग्य लाभो.

त्या शब्दात एक ग आहे, मास्तरीणबाईंनी फळ्यावर दाखवला.
लिहायचा, उच्चारायचा नाही.
मऊ ग म्हणतात त्याला.
स्वतः गप्प राहतो,
शेजारच्या स्वराला थोडी जागा करून देतो.
वर्गात सगळे वैतागले त्याच्यावर.
मला तो आवडला. दोनदा गिरवला.

काल वत्सूताईचा फोन.
एवढ्या लांब, एकटी, करमतं का गं तुला?
करमतं, म्हणाले. खरंच करमतं.
फक्त

थांब हं ताई,
टोपली आलीय खिडकीत.