शून्य

आधी टोकं पांढरी पडली.
मग उजव्या कोपऱ्यातल्या हिरव्या पोवळ्यानं
बोटं आत ओढून घेतली
आणि चार दिवस दार उघडलं नाही.

बॉट्रॉपमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
मी चारशे लिटर समुद्र पाळतो.
मीठ पिशवीतून येतं, चंद्र टायमरवर उगवतो.
गुडरून म्हणते, घरात दोन पेन्शनी,
माझी आपल्यावर जाते, तुझी त्याच्यावर.
सध्या ती दूर, पुनर्वसन केंद्रात,
खुब्याचा सांधा बदलून
पुन्हा चालायला शिकते आहे.

मी शोधाला लागलो. शोध मला येतो.
तेवीस वर्षं जमिनीखाली हजार मीटरवर
गळती, ठिणगी, चिरा हेच शोधत होतो.

क्षारता आठ. कॅल्शियम चारशे वीस.
हीटर उपसून पाहिला, तडा नाही.
पंपाच्या चुंबकावर गंज दिसला,
नखानं खरवडला तर शेवाळ.
रात्री दोनला टॉर्चला लाल कागद लावून
काचेपाशी उकिडवा बसलो,
पोवळी कुरतडणारी गोगलगाय सापडेल म्हणून.
सापडला नखाएवढा खेकडा.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की चोर मीच.

एक फांदी तोडून आयोडिनात बुडवली.
पाणी बदललं. आणखी बदललं.
खालचे कबुतरवाले श्चेपानस्की म्हणाले,
पिसं गळायला लागली की आम्ही
त्यांच्याकडे फार बघत नाही.
मी बघत राहिलो. फांदी गेली.

शेवटी बाटलीत पाणी भरून
एसेनला, नुरानच्या दुकानात.
आमच्या शिफ्टमधल्या हालितची ती नात,
त्याच्यासारखीच एक भुवई वर.
तिनं नळीत पूड टाकली, हलवली,
गुलाबी रंगाची वाट पाहिली.
रंग आला नाही.
नायट्रेट शून्य, म्हणाली. फॉस्फेटही.
मी म्हटलं, बघ, किती स्वच्छ!
तिनं नळी माझ्या नाकासमोर धरली:
काका, उपाशी आहेत ती.

शून्य.
वायूच्या मीटरवर शून्य दिसलं
की आम्ही डबे उघडायचो.
शून्य म्हणजे आज संध्याकाळ दिसणार,
कोणाच्याही बायकोचं दार
अवेळी वाजणार नाही.
त्या आकड्यावर मी आयुष्य टाकलं होतं
आणि पाणी असं सोवळ्यात ठेवलं
की त्याला कुणाचं उष्टं लागू नये.

पण सहा वर्षं हेच तर करत होतो.
हाच फिल्टर, हाच चमचा, हीच चिमूट.
मासे त्यावर एवढे गुबगुबीत कसे,
कधी विचारलं नाही.
हवा मानवली असेल, म्हटलं.

फोनवर गुडरून गप्प.
मागे कोणीतरी पावलं मोजत होतं, तीन, चार.
मग म्हणाली,
तू झोपलेला असायचास.
मी कॉफी घ्यायचे,
आणि त्यांना गोठवलेल्या कोळंबीचा तुकडा.
कधी दोन.
तू ओरडशील म्हणून डबा
वाटाण्यांच्या पिशवीखाली.

वाटाण्यांच्या पिशवीखाली डबा होता.
झाकणावर तिच्या अक्षरात: माझं.

फेस काढणारं यंत्र रात्रीचं बंद केलं.
तुकडा घातला, मग दुसरा,
हात थोडा चोरटाच.
पाणी गढुळलं, मला कसंतरी झालं,
पण बसून राहिलो.

डावीकडची दोन पोवळी वाचणार नाहीत.
ती तशीच ठेवलीत, चुनखडीसारखी.
अकराव्या दिवशी नळी गुलाबी झाली,
म्हणजे नीट पाहिलं तर गुलाबी,
खिडकीशी धरून.

हिरव्यानं एक बोट बाहेर काढलंय, मी कळवलं.
कोणत्या बाजूचं? ती म्हणाली.
मी पाहायला गेलो.