मरणोत्तर, दोनशे प्रती

बिस्किटांच्या डब्यातून आणल्या तिने
अकरा गोष्टी, आणि बाराव्या गोष्टीचं बरंचसं.
डब्यावर बदकाचं चित्र,
आत तंबाखूचा नि टाईपरायटरच्या फितीचा मिळून एक वास.
एर्मिनिया ओलास्कोआगा. भाऊ जाऊन तीन आठवडे.
हातमोजे न काढताच म्हणाली,
"किती होतील?"

पायसांदूत माझा छापखाना नदीपासून दोन गल्ल्या वर.
पूर आला की खालच्या खणांतले खिळे भिजतात.
एरवी लग्नपत्रिका, गुरांच्या लिलावाच्या जाहिराती,
आणि शनिवारच्या अंकात एवारिस्तोची गोष्ट.
वीस वर्षं मीच जुळवली.
दिवसा तो मांसाच्या कारखान्यात वजनं लिहायचा,
रात्री माणसं मारायचा, फारसं रक्त न सांडता.
खुनी कोण ते मला तिसऱ्या पानावर कळे.
त्याला कधी बोललो नाही.
जुळाऱ्याने स्वल्पविराम पाहावेत.

फौजदार बेरुती सगळ्या गोष्टींत तोच,
दुखरा गुडघा, खिशात बिहीची वडी.
पण सलग बारा वाचल्या तेव्हा दिसलं
जे शनिवारी शनिवारी दिसलं नव्हतं:
खून कुणाचाही असो,
प्रत्येक घरात एक खण उघडा असतो
आणि त्यातलं थोडंसं काही गेलेलं,
चांदीचा चमचा, भाड्याचे पैसे,
एकदा तर नुसती बटणं.
आणि बेरुती, ज्याला राखेवरून सिगारचं दुकान ओळखू येतं,
तेवढा खण बघत नाही.
हात पाठीशी बांधून पुढे जातो.

बाराव्या गोष्टीचं शेवटचं पान नव्हतंच.
डब्याच्या तळाशी होता कार्बन, चौघडी घातलेला.
शाईच्या बाजूने सगळं उलटं.
मी जन्मभर उलटंच वाचत आलोय.
एकच पान पाचसहादा टाईप केलेलं,
ओळींवर ओळी चढलेल्या, चिखलात गुरं गेल्यासारख्या,
तरी एक वाक्य दर वेळी त्याच जागी पडून
खोल गेलेलं:
त्या मुलीने पैसे घेतले नव्हते.

वाचून दाखवलं.
एर्मिनियाने हातमोजे काढले.
"एकतीस साल. माझ्या लग्नाचे पैसे, खणातले.
देल्फिना आमच्याकडे भांडी घासायची, चौदा वर्षांची.
तिच्या आईने तिला आमच्याच अंगणात मारलं, सगळ्यांदेखत.
एवारिस्तो खिडकीत बसून
पेन्सिलीला टोक करत होता."

चोर सोडून संन्याशाला सुळी, मी मनात म्हटलं.
ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं."
तेव्हाच म्हणजे?
"पुढच्या महिन्यात घरी टाईपरायटर आला.
त्याचे शर्ट मी धूत होते, साहेब, त्याचा पगार मला ठाऊक.
मग वीस वर्षं दर शनिवारी वाट पाहिली,
बेरुती कधी वळून बघतो."

मग तुम्ही का नाही,
असं विचारायचं होतं.
मी स्वल्पविराम पाहिले.

शेवटचं पान कोरं ठेवा, ती म्हणाली.
अर्पणपत्रिका मात्र उभ्या उभ्या सांगितली:
देल्फिना किरोस हिला,
जिने घेतले नाहीत.
काय घेतले नाहीत? वाचकाला कळायला नको?
"ज्याला कळायचं त्याला कळेल."

बेचाळीस प्रती खपल्या.
एक नदीपलीकडे कोलोनला पाठवली, जुन्या पत्त्यावर;
पोस्टाचा शिक्का घेऊन परत आली.
सगळी पानं मोडली, खिळे आपापल्या खणात टाकले.
त्या दोन ओळी तेवढ्या दोऱ्याने बांधून ठेवल्यात.
त्या आकाराचा मोठा क्यू माझ्याकडे एकच, तो त्यात अडकलाय.
परवा किंतानांच्या घरची लग्नपत्रिका आली.
म्हटलं, दुसरीकडे छापून घ्या.