शेऱ्याचा रकाना

दिवाडी ते नार्वे, सहा मिनिटं.
भरती असली तर सात.
तेवढ्यात जोस्लिनचे पाच शब्द पाठ व्हायला हवेत,
कारण पलीकडे डिचोलीची बस उभी असते
आणि बसमध्ये, ती म्हणते, पोरं हसतात.

ती रेलिंगला टेकून मोठ्यानं वाचते.
शब्द, अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी,
वहीला चार रकाने, पट्टीनं आखलेले.
मी साखळी धरून उभा.
हात कामात, कान मोकळे.

तसा इंग्रजीशी माझा संबंध एका शब्दापुरता.
फेरीच्या लॉगबुकात शेवटचा रकाना रिमार्क्सचा,
तिथं रोज रात्री ‘निल’ लिहायचं.
भिसो रिटायर होताना शिकवून गेला होता,
‘निल बरय आनी न्हीद.’
एकोणीस वर्षं लिहिलं
आणि झोपलो.

सोमवारी आली ‘बँक’.
म्हटलं, ही ठाऊक आहे, डिचोलीत खातं आहे माझं.
‘अंकल, दुसरा अर्थ. काठ.’
दोन बँकांच्या मध्ये मी पगार घेतो
आणि हे मला बँकेतसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं.
मंगळवारी ‘करंट’.
वीज नव्हे, पाण्याची ओढ.
इंजिनात झटका बसला तेव्हा जो शब्द ओरडलो होतो
तोच तळाखालून चालला होता
चिखलाच्या रंगाचा, मुकाट.

विरुद्धार्थी मात्र मला पटेनात.
‘अरायव्हल’समोर तिनं ‘डिपार्चर’ लिहिलं.
म्हटलं, उतरणारे उतरतात तेव्हा चढणारे तिथंच उभे असतात,
दोघांसाठी साखळी मी एकदाच सोडतो.
तिनं पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढलं,
आणि बसचा हॉर्न ऐकून पळाली.

शुक्रवारी ‘निल’.
अर्थ: काहीही नाही.

त्या रात्री कपाटातली जुनी लॉगबुकं काढली.
वाळवीनं कडा खाल्लेल्या, रकाने शाबूत.
घाड्यांची सून फेरीवरच बाळंत झाली,
आम्ही पाठ फिरवून ताडपत्री धरली होती. निल.
बोंदेराच्या रात्री कायतानचा ट्रॉम्बोन पाण्यात पडला,
साठीचा माणूस, पोरासारखा रडला. निल.
खाणी बंद झाल्या, बार्जी येईनाशा झाल्या,
नदी एकदम रुंद दिसायला लागली, ओसाड म्हणावी अशी. निल.
माझा बाप सकाळी गेला.
बदली मिळाला नाही, दुपारची पाळी भरून मग घरी गेलो.
मोटारसायकली एकेचाळीस, रिक्षा दोन.
निल.
खाली सही माझीच, विश्राम घाडी असं वळणदार.

सोमवारी मीच विचारलं, निलचा विरुद्धार्थी काय गं?
तिनं वही उलटली. टीचरनं ‘ऑल’ सांगितलं होतं.
तिनं ते वाचलं, मग पेन्सिल चावत राहिली.
‘सगळं? सगळं कसं मावेल अंकल, एवढ्याशा चौकोनात?’
मग मेची सुट्टी लागली.

काल वारा पडला होता, पण पाणी ओढत होतं.
नार्व्याच्या धक्क्याला लागायला तीन वेळा जोर केला,
एक म्हातारी देवाचं नाव घेत होती, कोणत्या ते कळलं नाही,
तिच्या टोपलीतली कोंबडी गप्प.
रात्री शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, करंट.
इंग्रजीत. एकेक अक्षर आठवून.

आज बेतीहून साहेब आले.
‘शॉक बसला कोणाला?’
म्हटलं, नाही साहेब, पाणी.
त्यांनी नदीकडे पाहिलं,
ती अर्थात आज आरशासारखी.
खिशातलं पेन काढलं. वाटलं, खोडणार, निल करणार.
तर त्यांनी मधोमध एक बारीक अक्षर घुसवलं.
‘यात आर दोन असतात,’ म्हणाले,
आणि चहा कुठं मिळेल ते विचारलं.

शाळा जूनमध्ये.
जोस्लिन आली की विचारायचं आहे,
एक का पुरत नाही.