भोगवटादार

टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन
मडगुंडी साहेब मागे मागे सरकत गेले.
"घट्ट धरा. भिंतीला टेकवा."
दहा बाय बारा.
बाहेरचा सज्जा अडीच फूट, तोही धरला.

मे महिना. अकरालाच स्लॅब तापलेला.
गल्लीत चार लूम चालू, खटखट खटखट,
प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागत होता.

उताऱ्यावर आमचं घर एवढंच:
तळमजला, दगड-माती, पत्रा, नळ एक.
आप्पांच्या नावावर. आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली,
उताऱ्यावर अजून राहतात.
वरची खोली कागदावर नव्हतीच.
वरून, आकाशातून फोटो काढले म्हणे,
पत्र्याच्या जागी पांढरा चौकोन दिसला
आणि नोटीस आली.

परवाना?
नकाशा, शुल्क, इंजिनिअरची सही,
ह्या बेरजेत एक अख्खी भिंत बसत होती.
आम्ही भिंत घेतली.
अम्माच्या विड्यांच्या फंडातून वाळू,
माझ्या कारखान्यातल्या उचलीतून सिमेंट.

"बांधकाम कधीचं?"
सगळं ह्या एका आकड्यावर.
तिथपासून कर लागणार,
विनापरवाना म्हणून शास्ती वेगळी.
अम्मा पटकन म्हणाली, "औंदाच की. गड्ड्याच्या जत्रेनंतर."

तिला हे नवीन नव्हतं.
गल्लीलाही ती असंच सांगत आलेली:
लेक जत्रेला आलीय.
माझा गुडघा दुखतोय म्हणून राहिलीय.
जाईल की, ऊन उतरलं की जाईल.

तेवढ्यात लाइट गेली.
चारही लूम एकदम गप्प.
अक्कानं हातातल्या परकराची शिवण पुरी केली,
दोरा दातानं तोडला.
"चार वर्षं झाली, साहेब.
मी आले त्या दिवाळीत विटा आल्या.
एकवीस दिवस मीच पाणी मारलं ह्या भिंतींना,
नळ पाचव्या दिवशी यायचा तेव्हा."

समोरच्या दारात कुणाचा तरी तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.
शेजारच्या खिडकीत खोकला.
अम्मानं पदर डोक्यावर ओढून घेतला,
ऊन होतंच.

साहेबांनी मशीनकडे पाहिलं,
खुंटीवरच्या सात-आठ परक्या ब्लाउजांकडे पाहिलं,
आणि वापराच्या रकान्यात लिहिलं: निवासी.
का, ते आम्ही विचारलं नाही.

"भोगवटादार?"
अम्मा माझं नाव सांगायला लागली.
"वर राहतं कोण, त्याचं सांगा."
"रेणुका," अक्का म्हणाली.
"रेणुका नरसय्या येमूल."
मधलं नाव आप्पांचं. आडनाव आमचं.
साहेबांनी येमूलचा ऊकार दीर्घ आहे ना, एवढंच विचारलं.

बिल आलं. चार वर्षांची थकबाकी, शास्ती, वर व्याज.
अम्मानं ते विड्यांत करून पाहिलं,
हजारी, हजारी, बोटं संपली.
आठ दिवस अक्काशी बोलली नाही,
ताटात भाकरी मात्र रोजच्यासारखी कडक, पातळ.

अक्कानं हप्त्याहप्त्यानं भरलं.
पावतीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत:
'कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही.'
तिनं ते मोठ्यानं वाचलं,
पुन्हा वाचलं, आणि हसायला लागली,
इतकी, की अम्मालाही हसू आवरेना.

पावती मशीनच्या खणात आहे, बॉबिनांखाली.
स्लॅबच्या कोपऱ्यांतून चार गज अजून वर निघालेत,
टोकांवर पालथ्या बाटल्या,
त्यांवर अम्मा दोरी बांधते, कपडे वाळवते.
गजांना कर लागत नाही, मी विचारून आलोय.

परवा कपडे काढता काढता
तिनं सहज विचारलं,
वाळू काय भावानं चाललीय रे आता.